एकराला दोन तोळे गंधक

गंधक विकणारा माणूस घरात शिरायच्या आधी त्याचा वास शिरतो, असं माझी बायको म्हणायची. तिच्या माहेरून आलेली चांदीची जोडवी लग्नानंतर वर्षाच्या आत काळी पडली. चिंचेनं घासली की चार दिवस उजळ, पाचव्या दिवशी पुन्हा काळी. माझी धोतरं पिवळी, उशी पिवळी, नखांच्या कडा पिवळ्या. नांदेडला आमच्या गल्लीत मला नावानं कुणी ओळखत नसे. दारात येणारा माणूस "गंधकवाले आहेत का घरात?" असंच विचारायचा.

निजामाच्या राज्याची शेवटची सहा वर्षं मी हा धंदा केला. पुढं नोकरीत तीस वर्षं काढली, पण त्या तीस वर्षांतलं सांगण्यासारखं फारसं आठवत नाही. आठवतात ती ही सहा वर्षं.

लातूरच्या गंजात, म्हणजे बाजारपेठेत, शंकरआप्पांचं दुकान होतं. दोरखंड, नाडे, कुळवाच्या फासा, घमेली असला शेतीचा सगळा माल तिथं मिळायचा. एका वर्षी त्यांनी मुंबईकडून गंधकाचे खडे मागवले. ते चक्कीवर दळून पुड्या बांधायच्या आणि ज्वारीच्या बियाण्याला लावायला शेतकऱ्यांना विकायच्या, असा त्यांचा विचार होता. नांदेड ते लातूर या पट्ट्यातल्या गावांत हिंडायला त्यांना माणूस हवा होता. मी मॅट्रिकला दोनदा बसून दोन्ही वेळा घरी परत आलेला होतो. उर्दू बरी यायची, मोडी लिहिता यायची आणि चालायचा कंटाळा नव्हता. आप्पांनी एवढ्यावर मला ठेवून घेतलं.

ज्यांनी शेती पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. ज्वारीवर काणी नावाचा एक रोग पडतो. ताट वाढतं, कणीस बाहेर येतं, सगळं ठीक दिसतं. पण दाण्याच्या जागी करड्या रंगाची बारीक बोंडं धरतात. बोंड फोडलं की आत काजळीसारखी काळी भुकटी. मळणीत ही बोंडं फुटतात आणि भुकटी उडून चांगल्या दाण्यांना चिकटते. डोळ्याला ती दिसत नाही. तोच दाणा पुढच्या वर्षी पेरला की भुकटी त्याच्याबरोबर रुजते आणि पुन्हा काणी येते. पेरणीआधी बियाण्याला गंधकाची बारीक पूड चोळली तर ही भुकटी मरते. एकराच्या बियाला दोन तोळे गंधक पुरतं. मडक्यात बी घालायचं, वरून गंधक टाकायचं, तोंड फडक्यानं बांधायचं आणि मडकं चांगलं घोळवायचं. औषध एवढंच.

औषध सोपं होतं, विकणं मात्र महाकठीण. पेरणीच्या तोंडाशी मी गावात जायचो, चावडीवर चार माणसं गोळा करायचो आणि काणीविषयी बोलायचो. माणसं ऐकून घ्यायची, पान पुढं करायची. मग कुणीतरी कणगीतलं मूठभर बी आणून माझ्या हातावर ठेवायचा. बी मोत्यासारखं असायचं. "ह्यात काय खोट हाय, दावा की." दाखवण्यासारखं काहीच नसायचं. रोग दिसत नाही, औषध लावलेलं कळत नाही आणि गुण यायचा तो सहा महिन्यांनी. त्यातून काणी म्हणजे देवाची करणी, आभाळात ढग आले की पडणारच, अशी सगळ्यांची खात्री. पहिल्या हंगामात माझ्या अकरा पुड्या खपल्या. त्यातल्या तीन एका माणसानं खरजेसाठी नेल्या होत्या. दुसऱ्या वर्षीही फार वेगळं घडलं नाही. आप्पांनी खड्यांची पोती दुकानाच्या मागच्या खोलीत हलवली.

दुसऱ्या वर्षीच्या मार्गशीर्षात, काही कारण नसताना, मी जळकोटाकडच्या धामणदरी नावाच्या गावी गेलो. अगदीच कारण नव्हतं असं नाही. मी दोन वर्षं काणीवर बोलत होतो आणि पुरता पिकलेला काणीचा मळा एकदाही नीट पाहिलेला नव्हता. गावाबाहेर तुळशीराम पाटलांचं खळं लागलेलं होतं. चावडीवर माझं सगळ्यात जास्त ऐकून घेऊन एकही पुडी न घेणारे ते हेच. कणसं तुडवणाऱ्या बैलांच्या पातीमागं चालता चालता त्यांनी मला पाहिलं.

"आले का गंधकवाले? आता काय विकता? पेरणी सरून सा महिने झाले."

"विकायला नाही आलो. काणी बघायला आलो."

वाऱ्याच्या तोंडाला तिवईवर उभी राहून एक पन्नाशीची बाई उपणत होती. तिनं पाटी खाली ठेवली आणि पदरानं तोंड पुसलं. पदरही काळा, तोंडही काळं.

"बघा की मग," ती म्हणाली, "सगळी माझ्या तोंडावरच हाय."

या सोनाबाई, तुळशीरामांच्या पत्नी. बोलता बोलता मी सहज विचारलं, "बियाणं घरात कोण ठेवतं?"

"मी. आणिक कोण? ह्यांना कणगी कोणत्या कोपऱ्यात हाय ते बी ठाऊक न्हाई."

तुळशीराम हसले, पण नाही म्हणाले नाहीत. कणगी कुठं आहे ते ठाऊक नसलेल्या माणसांशी मी दोन वर्षं बियाण्याविषयी बोलत होतो.

सोनाबाई बियाण्याची कणसं मळणीच्या आधी शेतातच हातानं निवडून घेत. "त्यात काणीचं एक कणीस घावलं तर नाव सांगा," त्या म्हणाल्या. पण ती निवडलेली कणसं झोडपायची याच खळ्यावर, याच धुळीत. मी माझं धुतलेलं उपरणं जमिनीवर पसरलं आणि त्यांना त्यांचंच बियाणं आणायला सांगितलं. त्यांनी ओंजळभर आणलं. मी ते उपरण्यात धरून खसाखसा चोळलं आणि दाणे बाजूला काढले. पांढऱ्या कापडावर बोटभर रुंदीचा करडा डाग उमटला होता.

सोनाबाई वाकून बघत राहिल्या. "हे काय म्हनायचं?"

"ही पुढल्या वर्षीची काणी."

त्यांनी डागावर बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं. मग त्यांनी मला जे प्रश्न विचारले ते चावडीवर कुणीही विचारले नव्हते. गंधक लावलेलं बी कोंबडीनं टिपलं तर? जनावरानं तोंड घातलं तर? पेरून उरलेलं दळून खाल्लं तर? मी म्हणालो, "खायचं नाही. उरलं तर पुरून टाकायचं."

"म्हंजे उरूच द्यायचं न्हाई," त्या म्हणाल्या. "लागंल तेवढ्यालाच लावायचं." पुढं मी प्रत्येक गावात हे वाक्य माझं म्हणून सांगितलं.

त्या दिवशी मी त्यांना काही विकलं नाही. गंधक पेरणीच्या वेळी लावायचं, सहा महिने आधी पुडी देऊन ती सादळवण्यात अर्थ नव्हता. निघताना त्या म्हणाल्या, "मिरगाच्या आधी या. न्हाई आलात तर समजते मी, खोटं होतं म्हनून."

मी मृगाच्या आठ दिवस आधी गेलो. सोनाबाईंनी एका एकराचं बी काढून ठेवलं होतं. एकर निवडला होता माळाकडचा, हलक्या जमिनीचा. बाकीची पेरणी चांगल्या काळ्या रानात, बिनगंधकाची. मला ते कळत होतं. अनोळखी माणसाच्या औषधासाठी चांगलं रान कुणी देत नाही. पेरणी झाली, एक पाऊस पडला आणि मग तीन आठवडे आभाळ कोरडं राहिलं.

मी तेव्हा अहमदपुराकडे होतो. एका गाडीवानानं सांगितलं, "धामणदरीला जाऊ नका. तुमच्या गंधकानं बी जळालं म्हणून राहिले लोक." काळ्या रानातलं पीक ओलीवर तग धरून होतं आणि माळावरच्या त्या एकरात काहीच दिसत नव्हतं.

मलाही खात्री नव्हती, हे आज लिहायला हरकत नाही. मी गंधक कधी स्वतः पेरलेलं नव्हतं. आप्पांनी सांगितलेलं लोकांना सांगत होतो. जायचं टाळता आलं असतं. त्या भागातली दोन-चार गावं सोडून दिली असती तरी माझ्या खपात फरक पडला नसता, कारण खपच नव्हता. तरी मी गेलो, ते सोनाबाईंनी खळ्यावर नीट प्रश्न विचारले होते म्हणून. तसं मला कुणी विचारलं नव्हतं.

सोनाबाई शेतातच भेटल्या. मी तासात बसलो आणि बोटांनी माती उकरायला लागलो. दोन बोटं खोलीवर बी लागलं. त्याला पांढरा मोड आलेला होता, पेराएवढा, आणि तो सुकून दोऱ्यासारखा झाला होता. दुसरीकडे उकरलं, तेच. दहा-बारा ठिकाणी उकरून सगळे दाणे तळहातावर घेतले आणि त्यांच्यापुढं धरले.

"जळालेलं बी मोड देत नाही, सोनाबाई. हे रुजलं होतं. याला पाणी मिळालं नाही."

त्यांनी एकेक दाणा उचलून पाहिला. मग माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "माळाचं रान मीच दिलं."

दुबार पेरणीपुरतं बी होतं, गंधक मी आणलेलं होतं, नव्हता तो पाऊस. मी मारुतीच्या देवळात मुक्काम केला. पाच दिवस सगळ्या गावानं मला येता-जाता पाहिलं. कुणी भाकरी आणून दिली, कुणी "गेले न्हाई का अजून?" म्हणून विचारलं. सहाव्या दिवशी दुपारी पाऊस लागला आणि वाफसा आल्यावर आम्ही त्याच एकरात पुन्हा पेरलं. तिफणीमागं चाड्यावर मूठ धरून बी सोडायला सोनाबाई स्वतः होत्या. त्यांची बोटं पिवळी झालेली पाहून मला उगाच बरं वाटलं.

काढणीच्या वेळी मी पुन्हा गेलो. त्या एकरात आम्ही दोघांनी ओळीनं फिरून पाहिलं आणि काणीची सात कणसं सापडली. शेजारच्या काळ्या रानात काणी रुपयात दोन आणे, म्हणजे आठातलं एक कणीस गेलेलं. तुळशीराम बांधावर उभे होते. "पुढल्या साली समद्या रानाला," एवढंच म्हणाले. पण त्यांनी काही म्हणायची गरज नव्हती. सोनाबाईंनी तो माळाचा एकर काढणीआधी गावातल्या सगळ्या बायकांना दाखवून आणला होता.

तिथून पुढं माझी कामाची रीत बदलली. पेरणीच्या वेळी गंधक द्यायचो, पण गिऱ्हाइकाची पहिली भेट खळ्यावर घ्यायचो. एक वही केली. कुणाचं रान कसलं, बी किती, काणी किती, घरात बियाणं कोण बघतं, मागच्या खेपेला काय अडचण सांगितली होती, हे सगळं मोडीत लिहून ठेवायचो. कुणाची लेक बाळंतपणाला आली असेल तर तेही लिहायचो आणि पुढच्या खेपेला विचारायचो. सुरुवातीला ही विक्रीची युक्ती होती. नंतर नंतर, कुठलं धंद्यासाठी विचारतोय आणि कुठलं खरंच विचारतोय, ते माझं मलाच कळेना. चौथ्या वर्षी आप्पांनी खड्यांची पोती पुन्हा दुकानाच्या पुढच्या भागात आणली.

त्याच चौथ्या वर्षी मी एक चूक केली. चक्कीचे दगड झिजले होते आणि गंधक जाड दळून आलं. चिमटीत धरलं की रव्यासारखं लागायचं. जाड गंधक बियाला चिकटत नाही, मडक्याच्या तळाशी बसतं, हे तोवर मला चांगलं ठाऊक झालं होतं. मी आप्पांना सांगितलं. ते म्हणाले, "गंधक ते गंधक. हंगाम आठ दिवसांवर आला, आता कुठं दळतोस परत?" मी ते उचललं आणि विकलं.

कंधाराकडं रंगनाथ नावाचे एक शेतकरी होते. अतिशय टापटिपीचा माणूस, गोठा सारवलेला, अवजारं ओळीनं लावलेली. त्यांनी त्या वर्षी माझ्यावर विश्वास ठेवून बाराच्या बारा एकरांना गंधक लावलं. काणी आली, रुपयात तीन आणे. मी काढणीला त्यांच्याकडं गेलो आणि काय झालं ते सांगितलं.

"तुमचं काही चुकलं नाही. गंधक जाड होतं. आणि विकताना मला ते ठाऊक होतं."

ते बैलांना वैरण टाकत होते, थांबले. "ठाऊक होतं म्हनता?"

"हाव."

"मग एवढ्या लांब चालत कशाला आलात? माझंच काही चुकलं असंल असं समजून राहिलो होतो मी. तेच बरं होतं."

त्यांनी मला पाणी दिलं, गूळ दिला. त्यानंतर माझ्याकडून काहीही घेतलं नाही. मी पुढच्या दोन्ही वर्षी जात राहिलो. ते दर वेळी पाणी आणि गूळ द्यायचे, पावसापाण्याचं बोलायचे आणि बियाण्याचा विषय काढला की उठून गोठ्यात जायचे. माझ्या चिकाटीचं कौतुक करणारे पुष्कळ भेटले. तिथं ती चिकाटी काही कामाला आली नाही.

त्यानंतर मी गंधक दुकानातून पोत्यानं नांदेडला आणायला लागलो. घरी तीनदा मलमलीतून वस्त्रगाळ करायचं आणि मगच पुड्या बांधायच्या. जोडवी काळी पडली ती यामुळं. बायको नाकाला पदर बांधून चाळायला बसायची आणि शिंकायची. तक्रार तिनं वासाची केली, कामाची केली नाही.

मग शेवटचं वर्ष आलं. तो काळ ज्यांनी पाहिला त्यांना सांगायला नको. गावोगाव वेगवेगळ्या बातम्या, रस्त्यावर नाके, मोटारीत बसलेला माणूस शेजारच्याशी बोलत नव्हता. बायको म्हणाली, या वर्षी राहू द्या. पण वहीत एकशे चाळीसच्या वर नावं होती आणि पेरणी राज्याकडं बघून थांबत नाही. मी दीड मण गंधक दोन पोत्यांत भरून मोटारीनं निघालो. दारूगोळा करायला गंधक लागतं, ही गोष्ट मला ठाऊक होती. कशी कोण जाणे, ती माझ्या डोक्यात आली नाही. सहा वर्षं मी गंधकाकडं बियाण्याचं औषध म्हणूनच पाहत होतो.

नाक्यावर जमादारानं पोत्यात हात घातला, पिवळा हात बाहेर काढून पाहिला आणि मला खाली उतरवलं. मोटार निघून गेली. ठाण्याचे मुख्य अंमलदार म्हणजे अमीनसाहेब, उतारवयाचे, थकलेले. त्यांनी मला मारलं नाही, आवाजही चढवला नाही. पोती एका बाजूला, मी एका बाजूला, मध्ये ते.

"इतना गंधक. बारूद बनाते?"

"जी नहीं. ज्वारी के बीज को लगाते."

"मैं ने तो कभी नहीं सुना."

"लोगां ने भी नहीं सुना था, साहब. छे साल से वही सुना रहा हूं."

झडतीत माझी वही सापडली. त्यांनी ती उलटीसुलटी करून पाहिली. मोडी त्यांना येत नव्हती. "पढो," म्हणाले. मी पहिलं पान उघडलं आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी काय घेऊन हिंडत होतो. गावांची नावं, माणसांची नावं आणि प्रत्येकापुढं त्यानं किती गंधक नेलं त्याचा आकडा. यातलं एक पान वाचलं की तेवढ्या घरांत शिपाई जाणार.

मी नावं गाळून वाचायला लागलो. काळं रान, सहा एकर, काणी दोन आणे. हलकं रान, बी दुसऱ्याचं आणतात, आणू नये असे सांगणे. थोरल्या लेकीस मुलगा झाला, विचारणे. नवरा ऐकत नाही, बाईशी बोलावे. बैल मेला, या वर्षी फार बोलू नये. मी मराठीत वाचायचो आणि मोडक्यातोडक्या उर्दूत अर्थ सांगायचो. अमीनसाहेब टेबलावर हात ठेवून ऐकत होते. पाच-सहा पानं झाल्यावर म्हणाले, "नाम क्यूं नहीं पढते?"

"नाम पढूं तो आपके जवान उनके घर जाएंगे. उन की कुछ खता नहीं."

त्यांनी एकदा पोत्यांकडं पाहिलं. मग त्यांनी वही माझ्याकडून घेतली, कपाटात ठेवली आणि परवा मोडी वाचणारा कारकून येईल असं सांगितलं. मला ओसरीवर बसवून ठेवलं. दोन दिवस मी त्या कपाटाकडं बघत होतो. जिवाची भीती होतीच. पण जास्त लाज वाटत होती ती या गोष्टीची, की माणसांची काळजी म्हणून जे लिहून ठेवलं तेच आता त्यांच्या दारात संकट नेणार होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ठाण्यापुढं बैलगाडी थांबली. मोटारीच्या ड्रायव्हरनं जळकोटाच्या बाजारात माझी हकीकत सांगितली होती. ती धामणदरीला पोचली आणि तुळशीराम, सोनाबाई आणि गावातले आणखी चौघे निघाले होते. दोन दिवस मी जी नावं तोंडातून काढली नव्हती, ती त्या माणसांनी जमादारानं न विचारताच सांगायला सुरुवात केली. स्वतःचं नाव, बापाचं नाव, गाव, एकर किती. मी मान खाली घालून ऐकत होतो.

सोनाबाईंनी गाडीतून मडकं उतरवलं. पुरुषांच्या पुढं येऊन त्यांनी ते अमीनसाहेबांच्या पायरीवर ठेवलं.

"साहेब, हे आमचं बियानं हाय. मिरीग आठ दिसांवर आला. ह्याला ते पिवळं लावायचं हाय, म्हनून आलो."

अमीनसाहेबांना मराठी बऱ्यापैकी कळत होती. त्यांनी जमादाराला पोतं सोडायला सांगितलं. सोनाबाईंनी मापून गंधक घेतलं, मडक्यात टाकलं, फडकं बांधलं आणि पायरीवर बसून मडकं घोळवायला लागल्या. चांगलं घोळवून झाल्यावर त्यांनी फडकं सोडलं. अमीनसाहेबांनी वाकून मूठभर बी हातात घेतलं, दाणे बोटांनी फिरवून पाहिले, परत मडक्यात टाकले आणि हात झटकले.

मग माझ्याकडं वळून हलक्या आवाजात विचारलं, "वो जो बात नहीं सुनता, यही है?"

मी तुळशीरामांकडं पाहिलं. "जी, यही."

त्यांनी कपाटातून वही काढून माझ्या हातात दिली. "तुम जाओ. गंधक नहीं छोड सकता, हुक्म है." जमादार मडक्याकडं बोट दाखवून काही म्हणायला लागला, तेव्हा ते म्हणाले, "वो तो ज्वारी है."

गाडी धामणदरीच्या वाटेला लागली. बऱ्याच वेळानं तुळशीरामांनी विचारलं, "काय म्हनला साहेब माझ्याकडं बघून?" मी सांगितलं नाही. सोनाबाईंना उर्दू येत नव्हती, पण त्या पदराआड हसत होत्या.

त्या वर्षी आमच्या सगळ्या टापूत गंधक लावलेलं बी म्हणजे तेवढं एक मडकं. काढणीच्या आधीच राज्य बदललं. ज्वारी आली, काणीही आली, आणि सोनाबाईंचं एक शेत स्वच्छ राहिलं. त्या शेतातलं बी त्यांनी दळलं नाही, मागेल त्याला शेरा-दोन शेरानं वाटलं. पुढच्या दोन-तीन वर्षांत तालुक्याच्या गावी सरकारच्या कचेरीतून गंधकाच्या पुड्या मिळायला लागल्या, माझ्या पुड्यांपेक्षा स्वस्त आणि माझ्याइतक्याच बारीक. आप्पांनी गंधक बंद केलं. मी नांदेडला एका शाळेत कारकून झालो. बायकोची जोडवी पांढरी राहायला लागली.

निवृत्त झाल्यावर एकदा आम्ही दोघं माहूरला देवीला गेलो होतो. परत येताना वाटेत एका गावी आठवडी बाजार होता आणि गाडीला वेळ होता. त्या भागात मी गंधक घेऊन कधी फिरलो नव्हतो. बाजाराच्या कडेला एक चाळिशीची बाई पोतं अंथरून बसली होती. पुढं अंबाडीचं बी, मूग, तीळ आणि एका बाजूला कागदाच्या पुड्यांची रास. वास मला लांबूनच आला.

मी पुडी उचलून विचारलं, "हे काय आहे?"

"गंधक हाय, काका. ज्वारीच्या बियाला लावायचं. काणी येत न्हाई."

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कुनी कशाला सांगायला पायजे? माझं माहेर जळकोटाकडचं. आमच्याकडं पहिल्यापासून लावत्यात बाया." आणि तिनं मला सगळं समजावून सांगितलं. मडकं कसं घ्यायचं, फडकं कसं बांधायचं, किती घोळवायचं. लागेल तेवढ्यालाच लावायचं, उरू द्यायचं नाही, लेकराबाळांच्या हाताला लागू द्यायचं नाही. मागं दोन गिऱ्हाइकं खोळंबली होती. तिनं त्यांच्याकडं पाहिलं नाही. मी पुडी हातात धरून ऐकत राहिलो. बायको माझ्या बाजूला उभी राहून माझ्या तोंडाकडं बघत होती.

सांगून झाल्यावर बाईनं विचारलं, "किती एकर हाय तुमचं?"

"मला शेत नाही," मी म्हणालो. "एक पुडी द्या."

"शेत न्हाई, मग नेऊन काय करता?" ती म्हणाली, आणि माझ्या हातातली पुडी काढून घेऊन तिनं परत राशीवर ठेवली.